नर्मदा जमा, खान नावे

आमच्या इंदूरला ‘पाणी आलं का’ असं कुणी विचारत नाही, ‘नर्मदा आली का’ असं विचारतात. एक दिवसाआड, ठरल्या वेळेला नर्मदा येते. मोटर लावून तिला गच्चीवर चढवायचं, टाकी भरली की मोटर बंद करायची. विसरलं तर शेजारच्या वहिनी खिडकीतून ओरडतात, “अहो, तुमची नर्मदा वाहतेय!” राजेंद्र नगरला राहायला आल्यापासून मी हेच करत आलेय. चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. पैशाला पैसा जुळल्याशिवाय एक दिवस घरी आले नाही. नर्मदा कुठून येते ते ढोबळ माहीत होतं. घरात वापरून झाल्यावर ती कुठं जाते, हे मात्र मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी भाचीनं माझं नाव परस्पर एका अभ्यासवर्गात घातलं. ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५, दहा रविवार. आपल्या परिसरातलं पाणी, माती आणि जीव उघड्यावर जाऊन पाहायचे. शिकवणारे सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आवाज खणखणीत, पिशवीत कायम एक हातोडा. आम्ही चौदा जण. कॉलेजची पोरं जास्त, दोन शिक्षिका, एक औषधाच्या दुकानाचे मालक. वयानं माझा नंबर दुसरा. पहिला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांचा. ते दर रविवारी सगळ्यांसाठी पोहे-जिलबी बांधून आणायचे, त्यामुळे त्यांची गैरहजेरी कुणालाच परवडली नसती.

मी नवे बूट घेतले होते. पहिल्याच दिवशी जंगलात नेतील असं वाटलं होतं. सरांनी सगळ्यांना एकेक पातळ वही दिली, एकेक पेन्सिल दिली, आणि म्हणाले, “जंगल नंतर. आधी मोरी. आठवडाभर घरात किती पाणी आलं आणि कुठं कुठं गेलं, लिहून आणा.”

हिशेब म्हटल्यावर मला हुरूप आला. वहीत दोन रकाने आखले, जमा आणि नावे. वीस लिटरची बादली हे माप. आंघोळ, भांडी, कपडे, फरशी, कुंड्या, पाणी गाळायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, सगळं मोजलं. हे म्हणाले, “दाढीचा मगसुद्धा लिहिणार का?” लिहिला. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही घरात तिघं, म्हणजे ४०५. आमची जमा निघाली साधारण ५२०. आणि खर्ची पडलेलं पाणी लिहिलं तर ४६० च्या पुढं जाईना. रोजचे साठ लिटर गायब! दोन रात्री मी ते साठ लिटर शोधत होते. तिसऱ्या दिवशी यांनी गच्चीवर जाऊन पाहिलं. टाकीच्या तरंगत्या चेंडूचा दांडा वाकला होता, आणि वरून वाहणारं पाणी मागच्या भिंतीवरून थेट नाल्यात जात होतं. भिंतीवर शेवाळ होतं हे गेली चार वर्षं आम्ही सगळेच बघत होतो.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्या पलंगावरून माझा हा उद्योग बघत होत्या. एकदम म्हणाल्या, “तुमचे साठ लिटर हरवले म्हणून एवढा गहजब? सत्तर साली आम्ही साठ लिटरवर अख्खं घर चालवलंय.” मग त्यांनी नर्मदा इंदूरला यावी म्हणून झालेल्या १९७० च्या आंदोलनाच्या गोष्टी सांगितल्या. मोर्चे, घोषणा, विहिरीवरच्या रांगा. १९७८ मध्ये पहिल्यांदा नर्मदेचं पाणी शहरात आलं तेव्हा काही घरांत नळाला हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे. मी ते सगळं वहीत लिहिलं. सरांनी नंतर वाचून समासात लिहिलं, ‘ही नोंद सोन्याची. तारीख आणि सांगणाऱ्याचं वय घाला.’

दुसऱ्या रविवारी आम्ही कृष्णपुरा छत्र्यांपाशी पुलावर उभे होतो. होळकरांच्या छत्र्या सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. खालच्या पाण्याकडं आम्ही प्रथमच मुद्दाम पाहत होतो. इथं सरस्वती नदी येऊन खान नदीला मिळते. आमच्या घरामागचा नाला सरस्वतीला जातो, म्हणजे माझ्या भांड्यांचं पाणी या पुलाखालून जातं. सरकारी पाटीवर आता ‘कान्ह’ असं लिहितात. आम्ही आपले खानच म्हणतो, आणि सासूबाई नुसतं ‘नदी’ म्हणतात. त्यांच्या पिढीला नदी म्हणायची सवय आहे, माझ्या पिढीला नाला म्हणायची.

“पाच मिनिटं बघा आणि लिहा,” सर म्हणाले. मी लिहिलं, ‘पाणी घाण आहे.’ माझी वही सरांनी सगळ्यांसमोर वाचली.

“ताई, घाण म्हणजे काय?”

“म्हणजे… घाणच की.”

“बँकेत तुम्ही ‘रक्कम बरीच आहे’ असं लिहीत होता का?”

मला एकदम कान धरल्यासारखं झालं. मग त्यांनी पानाचे दोन भाग करायला लावले. डावीकडं ‘दिसलं’, उजवीकडं ‘वाटलं’. डावीकडं रंग, वास, फेस आहे की नाही, पाण्याचा वेग (पान टाकायचं आणि दहा पावलं जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं), काठावरची झाडं, वेळ, ऊन-ढग. ‘घाण’ उजवीकडं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा डावीकडं सात ओळी भरल्या आणि उजवीकडं काही लिहायची गरजच पडली नाही. शाई पावसात पसरते म्हणून पेन्सिल, आणि चुकलं तर खोडायचं नाही, आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. हे मला बँकेपासूनच ठाऊक होतं. तिथंही खाडाखोड चालत नाही.

त्या पुलावरच सरांनी पॅट्रिक गेडेसची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचा हा माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण नगररचनेत नावाजलेला. तुकोजीराव होळकरांनी बोलावलं म्हणून तो इंदूरला आला आणि १९१८ मध्ये त्यानं शहराबद्दल मोठा अहवाल दिला. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचं खोरं एका रेषेत काढायचं आणि त्यावर माणसं काय काय करतात ते मांडायचं, ही त्याची शिकवण्याची रीत. आधी पायानं गाव पाहा, मग उपाय सांगा, हा त्याचा हट्ट. प्लेगच्या दिवसांत, १९१७ च्या दिवाळीला, त्यानं शहरातून मोठी मिरवणूक काढली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षसी उंदीर आणि हिवतापाचे डास होते, आणि शेवटी त्यांचं दहन झालं. मिरवणूक ज्या रस्त्यानं जाईल तो रस्ता लोकांनी आधीच झाडून काढला होता. काका म्हणाले, “म्हणजे इंदूरचा स्वच्छतेचा नंबर तेव्हापासूनचा आहे!” पोरं हसली. मी खाली बघत होते. खालचं पाणी काही हसण्यासारखं नव्हतं.

मग सरांनी पुलाच्या कठड्यावर खडूनं आकृती काढली, आणि त्या दिवसानंतर माझी झोप थोडी उडाली ती उडालीच. नर्मदा उचलतात मंडलेश्वरजवळच्या जलूदला. तिथून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा कडा चढून, अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंची पंपांनी गाठत वांचू पॉइंटला, आणि तिथून उतारानं इंदूरला. नर्मदा स्वतः मात्र पश्चिमेला भडोचकडं, अरबी समुद्राला जाते. आता आमची मोरी. तिचं पाणी कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्रातून गेलं तरी शेवटी खानमध्येच. खान उज्जैनपाशी क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे बंगालचा उपसागर!

अरबी समुद्राच्या खात्यातून उचलायचं, आणि बंगालच्या उपसागराच्या खात्यात भरायचं. रोज, चाळीसहून जास्त वर्षं. एका बँकेतून काढून दुसऱ्या बँकेत टाकायला निदान स्लिप तरी भरावी लागते. त्यात आणखी एक गंमत अशी, की सिंहस्थात उज्जैनच्या घाटांना खानचं पाणी लागू नये म्हणून २०१६ च्या आधी जमिनीखालून मोठी नळवाहिनी टाकून खानला शहराला वळसा घालून पुढं सोडलंय. क्षिप्रेत मात्र नर्मदेचंच पाणी नळवाहिनीनं आणून सोडतात. नर्मदेनं नेमकं कुणाकुणाचं देणं लागायचं, हा हिशेब मला आजही लागलेला नाही.

“या दोन खात्यांच्या मधली सीमा कुठाय?” मी विचारलं.

“तेच शोधायचं आहे,” सर म्हणाले. “महूच्या दक्षिणेला. पाणलोटाची सीमा. जानेवारीत तुम्हीच ती दाखवायची.”

मधले रविवार मी भराभर सांगते, एक सोडून. सिरपूरच्या तळ्यावर दोनदा गेलो. हे तळं टिकावं म्हणून छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं कष्ट घेतले. २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. जुन्या स्टीलच्या थाळीचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग दिला, मधे भोक पाडून दोरी ओवली, दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. थाळी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत गाठी मोजायच्या. पाण्याचा गढूळपणा मोजायचं इतकं सोपं साधन असेल असं वाटलं नव्हतं. पक्षी ओळखण्यात मी अगदी ढ. अडई आणि थापट्या बदक यांतला फरक मला चौथ्या खेपेला कळला, तोही चोचीमुळं. थापट्याची चोच भाताच्या पळीसारखी असते. सरांनी तेवढंच पक्कं करायला सांगितलं. “वीस नावं पाठ करू नका, दोन पक्षी नीट बघा.” त्याच जानेवारीत इंदूर आणि उदयपूरला ‘पाणथळ शहर’ हा आंतरराष्ट्रीय मान मिळाल्याची बातमी आली. गटावर अभिनंदनाचे फुगे उडाले. सरांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘छान. वहीत नोंद करा.’

सोडलेला तो रविवार चाळणीचा, चोरल नदीवरचा.

घरातली पिठाची जुनी चाळणी, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, आणि रंगकामाचा ब्रश. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. प्रवाहाकडं पाठ करून उभं राहायचं, चाळणी पुढ्यात पाण्यात धरायची आणि टाचेनं गोटे हलवायचे. मग चाळणी ट्रेमध्ये उपडी करायची आणि थांबायचं. पहिलं मिनिटभर ट्रेमध्ये नुसता काडीकचरा दिसतो. मग त्यातली एक काडी चालू लागते. तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले हलवणारी. मेफ्लायचं पिल्लू. पाण्यात महिनोन्महिने राहतं आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगतं. त्याला भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं, म्हणून ते सापडणं ही चांगली खूण. आम्हाला अकरा सापडली. चार कॅडिसही मिळाले. ही अळी वाळूचे कण आणि काड्या आपल्याच रेशमानं चिकटवून स्वतःभोवती घर बांधते. एकीनं इतकं नेटकं बांधलं होतं, की औषधवाले भाऊ म्हणाले, आमच्या गवंड्याला दाखवायला पाहिजे. ब्रशनं उचलून, मोजून, सगळ्यांना परत पाण्यात सोडलं. परत सोडताना मी घसरले, बसकण मारली आणि नव्या बुटांत चोरल शिरली. गुडघा दोन आठवडे निळा होता.

पुढच्या रविवारी तीच चाळणी शहराच्या खालच्या अंगाला खानमध्ये. कोपरापर्यंत हातमोजे, नाकाला रुमाल. मी मनाशी आधीच लिहून ठेवलं होतं, जीव : शून्य. ट्रे बघितला तर सगळा लाल. बोटाच्या पेराएवढ्या वळवळणाऱ्या अळ्या, मोजता मोजता साठ झाल्या आणि आम्ही सोडून दिलं. या अळ्यांच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू फार कमी असला तरी त्या तग धरतात. लाल रंग त्याचाच. बरोबर लांब शेपटीच्या सहा पांढुरक्या अळ्या. त्या शेपटी नळीसारखी पाण्याबाहेर काढून वरची हवा घेतात. मेफ्लाय नाही, कॅडिस नाही, गोगलगाय एक. म्हणजे ‘नदी मेली’ हे जे आम्ही सगळे सहज बोलतो ते ‘वाटलं’च्या रकान्यातलं निघालं. चोरलमध्ये नऊ प्रकारचे थोडे थोडे जीव होते. इथं तीन प्रकार, त्यातल्या एकाचीच तोबा गर्दी. शून्य मला खोडावं लागलं. आडवी रेघ मारली.

नकाशाचा धडा मात्र मी सगळ्यांना महागात पाडला. सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारास एक मापाचा नकाशा, त्यावर दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेघ. रेघा जवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सपाट, इथपर्यंत बरोबर होतं. रेघांना जिथं टोक येतं तिथं घोटाळा. टोक चढाकडं वळलेलं असेल तर ती नाल्याची घळ, उताराकडं वळलेलं असेल तर डोंगराची सोंड. त्या दिवशी वाट दाखवायची पाळी माझी होती. मी सोंड समजून सगळ्यांना घळीत उतरवलं. घाणेरी आणि बोरीच्या काट्यांत दोन तास. सर मागून शांतपणे येत होते, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी वर आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “पाणी कुठं मिळालं?” “खाली, घळीत,” मी म्हटलं. “मग नकाशा बरोबर होता.” काकांच्या सदऱ्याची बाही फाटली होती. त्यांनी मला माफ केलं, कारण त्या दिवशी परतताना मी सगळ्यांना कालाकुंडचा कलाकंद खिलवला, पळसाच्या पानांच्या द्रोणातला.

तिथंच सरांनी एक नियम घातला, तो आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे : पावसाळ्यात इथल्या नदीच्या पात्रात उतरायचं नाही. डोक्यावर ऊन असलं तरी नाही. पातालपाणीच्या धबधब्यावर जुलै २०११ मध्ये सहलीला आलेली माणसं बघता बघता आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. हा सगळा लाव्हाचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला. डोंगरउतारावर माती पातळ, पाणी मुरायला जागा कमी. वर कुठं तरी तासभर पाऊस पडला की खाली भिंतीसारखं पाणी येतं.

आणि मग जानेवारीतला तो रविवार, पाणलोटाच्या सीमेचा.

मला वाटत होतं सीमा म्हणजे डोंगराची धार असेल. अलीकडं एक समुद्र, पलीकडं दुसरा, मधे उभं राहून फोटो. जानापावच्या डोंगरावर तसं वाटतंही. तो ८५४ मीटर उंच, त्याच्यावरून चंबळ आणि गंभीर उत्तरेला जातात, चोरल नर्मदेकडं उतरते. पण सरांनी मुद्दाम आम्हाला महू ते पातालपाणीच्या मधल्या सपाट शेतांत नेलं. गहू गुडघाभर. डोंगर नाही, धार नाही. ऑक्टोबरमध्ये, सोयाबीन काढल्यावर, याच शेतात आम्ही मातीची परीक्षा घेतली होती. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला तेलाचा डबा जमिनीत चार बोटं ठोकायचा आणि लिटर-लिटर पाणी ओतून ते मुरायला लागणारा वेळ मोजायचा. भेगाळलेल्या काळ्या मातीनं पहिला लिटर दोन मिनिटांत गट्ट केला. दुसऱ्याला नऊ मिनिटं लागली. तिसरा चाळीस मिनिटांनीही डब्यात तसाच चमकत होता. माती फुगली, भेगा मिटल्या, दार बंद. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणून माळव्याचं कौतुक करतात, ते याच मातीचं.

शेताचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना बासाब म्हणायचे. आम्ही पिशवीतून पारदर्शक नळी काढली तसे जवळ आले. “कई नापी रिया हो, बाई?”

नळी म्हणजे आपली गवंड्याची पाणसळ. दहा मीटर लांब, आत पाणी. दोन टोकं दोघांनी दोन मोजकाठ्यांना धरायची. पाणी दोन्हीकडं एका पातळीत राहतं, मग जमीन किती वर-खाली ते काठीवर वाचायचं. असं दहा-दहा मीटरनं पुढं सरकत बांधावरून दोनशे मीटर जायचं आणि दुसऱ्या वाटेनं सुरुवातीच्या दगडापर्यंत परत यायचं. परत आल्यावर सगळ्या चढ-उतारांची बेरीज शून्य यायला हवी. ही बेरीज माझ्याकडं होती. चौतीस वर्षांचा अनुभव!

बेरीज आली उणे अकरा सेंटिमीटर.

पुन्हा केली. अकराच. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता का, काकांची काठी तिरपी होती का, पोरांपैकी कुणी आकडा उलटा वाचला का, सगळं विचारून झालं. दुसऱ्यांदा पूर्ण फेरी मारली तेव्हा अधिक आठ. माझा जीव वर-खाली होत होता. बँकेत अकरा रुपये कमी पडले असते तर मी स्वतःच्या पर्समधून घातले असते. इथं कुठून घालणार? आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की आमच्या मोजणीत शेतातली सर्वांत उंच जागा दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा फक्त सात सेंटिमीटर उंच निघाली होती. म्हणजे आमची चूक आमच्या डोंगरापेक्षा मोठी.

“मग सीमा कुठं लिहू?” मी सरांना विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

“जे मोजलं ते लिहा. चूक किती ते पण लिहा.”

बासाब बांधावर बसून हे सगळं ऐकत होते. बिडी विझवून म्हणाले, “यां को पाणी तो दोई आड़ी जाय. पटवारी से मत केजो.” इथलं पाणी दोन्हीकडं जातं, पटवाऱ्याला सांगू नका. सर एवढे हसले, की त्यांच्या पिशवीतला हातोडा खाली पडला.

दहा रविवार संपले. प्रमाणपत्र वगैरे काही मिळालं नाही. सरांनी प्रत्येकाच्या वहीवर सही केली, तारीख घातली. पण ते अकरा सेंटिमीटर माझ्या डोक्यातून जाईनात. जुलैत तीन दिवस चांगला पाऊस झाला तेव्हा मी यांना म्हटलं, चला, महूकडं जाऊन येऊ. यांना वाटलं भुट्टे खायला. रेनकोट, छत्री, वही प्लास्टिकच्या पिशवीत, पेन्सिल केसांत खोचलेली. नदीत उतरायचं नाही, शेतापर्यंतच जायचं, असं यांना तीनदा सांगून निघाले.

बासाबच्या शेतात सोयाबीन वीतभर आलं होतं. आम्ही जानेवारीत दगड ठेवला होता तो तसाच होता. पाणी ना उत्तरेला जात होतं ना दक्षिणेला. वाफ्यांत नुसतं उभं होतं. दार बंद. मी छत्रीखाली अर्धा तास उभी राहिले. मग पाऊस वाढला, शेत भरलं, आणि बांधाच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक धार बाहेर पडून रस्त्याकडेच्या चरात उतरली. हा चर जानेवारीत नव्हता. उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला तेव्हा खणलेला. धार चरातून उत्तरेला निघाली. मी पावलं मोजत तिच्याबरोबर चालले. उत्तर म्हणजे गंभीर, चंबळ, गंगा. जमा कुठं, नावे कुठं, ठरलं एकदाचं. एक, दोन, दहा, तीस. चाळिसाव्या पावलावर रस्त्याखाली सिमेंटची मोरी होती. धार तिच्यात शिरली, रस्ता ओलांडला आणि पलीकडं दक्षिणेच्या उताराला लागली. सगळी नाही. थोडं पाणी मोरी चुकवून चरातूनच सरळ पुढं गेलं.

मी तिथूनच सरांना फोन लावला. पावसाच्या आवाजात सगळं सांगितलं.

“वेळ काय झाली?” त्यांनी विचारलं.

“चार वाजून दहा मिनिटं.”

“लिहिलं का?”

बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. खातं मिळेपर्यंत ती तिथंच राहते, पण वहीत दिसते. मी जमा आणि नावे यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला आणि लिहिलं : ‘दिनांक, वेळ ४.१०, पाऊस जोराचा, बासाबच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यातलं पाणी, अंदाजे अर्धं मोरीतून दक्षिणेला, उरलेलं चरातून उत्तरेला. सस्पेन्स.’ ओल्या कागदावर पेन्सिल नीट उठत होती.

यांनी छत्री माझ्यावर धरली होती, स्वतः अर्धे भिजले होते. घड्याळ बघून म्हणाले, “अहो, साडेपाचला नर्मदा यायची. आई एकटी आहे, मोटर कोण लावणार?”